पीपी नंबरवरचा संगणक

मागच्या जुलैमधली गोष्ट. मी पुण्यात हॉस्टेलवर, प्रबंधाचं तिसरं प्रकरण गाईडबाईंच्या हातात द्यायला तीन दिवस उरलेले, आणि त्यातली एक तळटीप अडलेली. ती तळटीप ज्या मुलाखतीवर उभी आहे ती मुलाखत सुरगाण्यात, आमच्या घरच्या डेस्कटॉपमध्ये. मुलाखत देणाऱ्या बाबांनी एका दुकानाचं नाव घेतलं होतं. माझ्या वहीत त्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं आणि बाजूला लिहिलेलं होतं, ‘ऑडिओ तपासणे’.

सुरगाणा काही अमेरिकेत नाही. पण पुण्याहून नाशिक, मग दिंडोरी, वणी, बोरगाव करत घरी पोचायला एक अख्खा दिवस जातो आणि परत यायला दुसरा. तिसऱ्या दिवशी प्रकरण द्यायचं होतं.

‘मग क्लाउडवर का नाही ठेवलंस?’ हे मला प्रत्येकाने विचारलं, म्हणून एकदाचं सांगून टाकते. माझा विषय ग्रामीण महाराष्ट्रातल्या दूरसंचाराचा इतिहास. त्यासाठी सुरगाणा तालुक्यात मी ज्या म्हाताऱ्या माणसांशी बोलले त्यातल्या बऱ्याच जणांचे वनदावे चालू आहेत. टेलिफोनच्या गप्पा सुरू झाल्या की त्या जमिनीवर जातात, कारण त्यांच्या आयुष्यातले महत्त्वाचे फोन जमिनीसाठीच झालेले. बोलताना कुणाचं कुठलं रान, कोण कधी कसायला लागलं, फॉरेस्टवाल्यांशी काय झालं, सगळं येतं. रेकॉर्डिंगला ते हो म्हणाले ते एका अटीवर, की टेप माझ्या घरातच राहील. ‘टेप’ हा त्यांचाच शब्द. मी संमतिपत्रावर तसं लिहून दिलं आहे. लिहून दिलेलं पाळायचं असेल तर फाइल कुठल्याशा परदेशी सर्व्हरवर चढवता येत नाही.

शिवाय साधा हिशेब बघा. मुलाखती, व्हिडिओ, कागदांचे स्कॅन मिळून १८० जीबी. घरी तारेचं इंटरनेट नाही, त्यामुळे राउटरही नाही. आहे तो मोबाइलचा डेटा, दिवसाला दीड जीबी. रोजचा सगळा डेटा त्यातच घातला तरी १२० दिवस लागले असते, आणि तेवढे दिवस आईने व्हॉट्सॲपसुद्धा बघायचं नाही. तेव्हा फाइल पुण्याला आणायची नाही. ती जिथे आहे तिथेच राहू द्यायची आणि आपण इथून तिथे जाऊन बघायचं. पडद्याचं चित्र इकडे येईल, माझ्या बोटांच्या हालचाली तिकडे जातील. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. मला त्याचा इतिहास शोधायला मजा आली, आणि तोच आज सांगायचा आहे. (हो, प्रकरण द्यायचं सोडून. संशोधक विद्यार्थ्यांना हे नवीन नाही.)

कल्पना जुनी आहे, इंटरनेटपेक्षा जुनी. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद भरली होती. तिथे जॉर्ज स्टिबिट्झ याने एक टेलिटाइप यंत्र ठेवलं. त्यावर गणित टाइप केलं की ते तारेने न्यूयॉर्कच्या बेल लॅबमधल्या गणकयंत्राकडे जायचं आणि उत्तर इकडे छापून यायचं. श्रोत्यांमध्ये नॉर्बर्ट विनर आणि जॉन मॉकली होते. दूरचं यंत्र वापरण्याचं हे पहिलं जाहीर प्रात्यक्षिक मानतात. यंत्र मोठं, महाग आणि नाजूक, म्हणून ते जागचं हलवायचं नाही. माझ्या १८० जीबीचंही तेच.

पुढे २९ ऑक्टोबर १९६९ला अर्पानेटवरून पहिला संदेश गेला तो काय होता? नमस्कार-चमत्कार नव्हे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात ‘लॉगिन’ करायचा प्रयत्न करत होता. एल गेलं, ओ गेलं, आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. म्हणजे आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याचा पहिला उद्योग दुसऱ्याच्या संगणकात दुरून शिरण्याचा, आणि तो पहिल्या झटक्यात फसलेला. जुलैमधल्या त्या रात्री मला याचा फार आधार वाटला.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशभरातल्या संस्थांची गणितं त्याच्यावर व्हायची, पण दुरून नव्हे. माणसंच पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन मुंबईला जायची. तारेवरून संगणक वापरणं सामान्य माणसाच्या हाती यायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. त्या दिवशी विदेश संचार निगमने डायलअप इंटरनेट सुरू केलं. त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं ‘शेल’ खातं असे. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. फोन लावला की तुम्ही निगमच्या युनिक्स यंत्राच्या दारात उभे, आणि मेल वाचायची ती त्या यंत्रावरच बसून. घरचा संगणक म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड. आमच्या विभागातले पन्नाशीचे सर ‘आमचं पहिलं इंटरनेट’ म्हणून ज्याच्या आठवणी काढतात ते एक प्रकारचं रिमोट डेस्कटॉपच होतं, हे सांगितल्यावर सर जरा खट्टू झाले.

चित्रांसकट पडदा दुरून दिसायला लागला नव्वदच्या दशकात. सिट्रिक्स कंपनीने एका विंडोज यंत्रावर अनेकांना बसवण्याची युक्ती काढली, मायक्रोसॉफ्टने ती परवान्याने घेतली, १९९८मध्ये विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली आणि २००१च्या एक्सपी प्रोफेशनलपासून ती सोय टेबलावरच्या संगणकात आली. त्याच सुमारास इंग्लंडात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार झालं. ते फुकट आणि खुलं असल्याने आजही टिकून आहे.

आता माझा प्रयोग. त्याआधीच्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा रंगीत तालीम केली होती. डेस्कटॉप पडवीत, कारण तिथेच प्लग. मी लॅपटॉप घेऊन आत. मध्ये पंधरा मीटरची लॅनची वायर. राउटर नाही, स्विच नाही, एका यंत्राची वायर थेट दुसऱ्यात. पूर्वी याला उलट्या जोडणीची वेगळी ‘क्रॉस’ वायर लागायची. आताची कार्डं ते आपलं आपण जुळवून घेतात. पत्ता वाटणारा कुणी नसला तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता घेतं. दोन्ही यंत्रांनी घेतला, आणि दोघांची ओळख पटली. तोवर मला वाटायचं की राउटरशिवाय घरातलं नेटवर्क होतच नाही. होतं. दोन माणसांना बोलायला सरपंच लागत नाही.

अडचण आली ती वेगळीच. डेस्कटॉपवर विंडोजची होम आवृत्ती. या आवृत्तीतून दुसऱ्याच्या यंत्रात जाता येतं, पण विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने होम आवृत्ती कुणाला आत घेत नाही. त्यासाठी प्रो आवृत्तीचे पैसे मोजावे लागतात. एक्सपीच्या काळापासून हा भेद आहे. जावं, पण कुणी येऊ नये, ही ‘घरगुती’ माणसाकडून असलेली अपेक्षा मला पुढे जागोजागी भेटली. मी त्यावर व्हीएनसी टाकलं आणि पडवीतला पडदा आतल्या खोलीत दिसला. आईने विचारलं, ‘उठून पडवीत गेली असतीस तर काय झालं असतं?’

पुण्याहून मात्र पडवीत उठून जाता येत नव्हतं. आणि वायरही तेवढी लांब नव्हती.

घरी आईचा जुना अँड्रॉइड फोन खिडकीच्या चौकटीत ठेवलेला, कारण रेंज तिथेच. तो यूएसबी वायरने डेस्कटॉपला जोडला आणि टेदरिंग चालू केलं की डेस्कटॉपला इंटरनेट मिळतं. म्हणजे राउटर नाही असं मी म्हणते ते खरं तर चूक. त्या चौकटीतला फोनच राउटर आहे. त्याने डेस्कटॉपला १९२.१६८.४२ने सुरू होणारा पत्ता दिला. पण हा पत्ता फक्त त्या वायरीपुरता. ‘आतली खोली’ म्हटल्यासारखा. प्रत्येकाच्या घरात आतली खोली असते, पोस्टमनला त्याचा उपयोग नाही. मग फोनचा स्वतःचा पत्ता कोणता? तो निघाला १००.७०ने सुरू होणारा. तोही खरा नाही. आणि बाहेरच्या जगाला आमचं घर ज्या पत्त्याने दिसत होतं तो तिसराच. तो कुठला आहे हे एका संकेतस्थळाला विचारलं तर त्याने सांगितलं, मुंबई.

इथे थोडं थांबते, कारण माझ्या मते खरा इतिहास या पत्त्यांचाच आहे.

पत्ता म्हटलं की मला श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. संस्कृतचे कवी, नाटककार, आणि केंद्रात दळणवळण खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली पिनकोडची पद्धत त्यांची. सहा आकडे. पहिल्या आकड्यावरून विभाग, दुसऱ्यावरून उपविभाग, तिसऱ्यापर्यंत गेलं की टपालाचा वर्गवारी जिल्हा, पुढचे तीन पोस्ट ऑफिसचे. सुरगाण्याचा पिन ४२२ने सुरू होतो. कलकत्त्यातल्या टपालवाल्याला सुरगाणा कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही, ४ बघितला की पत्र पश्चिमेकडे टाकायचं. इंटरनेटचे पत्ते साधारण याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की वेलणकरांनी आकडे वाटले ते गावं मोजून. इंटरनेटवाल्यांनी वाटले ते मागणारे मोजून, आणि मागणारे तेव्हा मोजकेच होते.

१९७७च्या सुमारास पत्ता ३२ बिटांचा ठरला. व्हिंट सर्फ यांनी अनेकदा सांगितलं आहे की तो प्रयोगापुरता निर्णय होता, पण प्रयोग संपलाच नाही. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. आज जगात माणसंच त्याहून किती तरी जास्त. आणि सुरुवातीचं वाटप अगदी सढळ. एकट्या एमआयटीकडे १८ने सुरू होणारे सगळे पत्ते होते, १ कोटी ६७ लाखांहून जास्त. त्यातले बरेच तिने २०१७मध्ये विकले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. आमच्या तालुक्यातल्या माणसांच्या हातात इंटरनेट आलं ते त्यानंतर, स्वस्त स्मार्टफोन आणि २०१६नंतरच्या फोरजीमुळे. पंगत उठल्यावर आल्यासारखं.

टंचाईवर तोड आधीच काढलेली होती. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅट नावाची पद्धत मांडली: आतल्या अनेक यंत्रांनी खासगी पत्ते वापरायचे, बाहेर जाताना दारावरच्या यंत्राने त्या सगळ्यांवर आपला एकच पत्ता लावायचा. त्यांनी स्वतःच तिला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. १९९९मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय घरच्या संगणकात आली: एकाला मोडेम, दुसरा त्याच्या आडून इंटरनेटवर, आणि राउटर नावाची वेगळी पेटी नाहीच. पुढे ती पेटी स्वस्त झाली आणि घरोघरी गेली. आणि २०१२च्या एप्रिलमध्ये कंपन्यांच्या वापरासाठी आणखी एक पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला गेला, १००.६४ ते १००.१२७. आमच्या खिडकीतल्या फोनचा १००.७० यातलाच. म्हणजे घराला एक नॅट, आणि त्याच्यावर कंपनीचं दुसरं, ज्यात शेकडो-हजारो गिऱ्हाईकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे उभी असतात.

याने बिघडतं काय? बाहेर जायला काहीच नाही. तुम्ही व्हिडिओ बघा, पैसे पाठवा, उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं, कारण दारावरच्या यंत्राने तुम्ही बाहेर गेल्याची नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर ते नेमकं कुणाकडे आलंय हे यंत्राला कळत नाही, आणि ते त्याला सोडून देतं. घरी स्वतःचा राउटर असता तर त्याच्यात सांगून ठेवता आलं असतं, की अमुक दारावर आलेला माणूस पडवीत पाठवा. कंपनीच्या नॅटला सांगायला आपण कोण?

मराठी वाचकाला हे समजवायला मला फारसे कष्ट नकोत. ‘पीपी’ म्हटलं की पुरे. ज्यांचा जन्म मोबाइलनंतरचा त्यांच्यासाठी: पूर्वी फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मग व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात ‘पीपी’ लिहायचं. मुळात ही ट्रंक कॉलची भाषा. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे कॉलचे प्रकार असत, आणि ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल तर ‘पर्टिक्युलर पर्सन’, त्याला जादा पैसे. ट्रंक कॉल गेले तरी पीपी राहिला. आपल्याला फोन करायचा तर पैसे देऊन कधीही करता येई. येणारा फोन मात्र शेजाऱ्याच्या मर्जीवर. त्याने हाक मारली तर आपला, ‘घरी नाहीत’ म्हणाला तर गेला. पुढे एसटीडीची पिवळी दुकानं आली, तिथे तर बहुतेकांना जाणारे फोनच माहीत.

माझ्या मुलाखतींमध्ये पीपी फार येतो. बाजारच्या दुकानातला फोन, आणि त्या दुकानाच्या भरवशावर वीस-पंचवीस पाडे. निरोप तालुक्याला यायचा आणि बाजाराच्या दिवशी माणसाबरोबर पाड्यावर जायचा. १९८४मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला देशी बनावटीचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज चालू झालं. एसी नको, धूळ-उकाडा चालेल, असं ते यंत्र. त्याने खेड्यांत फोन नेले हे खरंच. पण अभ्यासकांच्या लिखाणात ‘गावात फोन आला’ ही ओळ जितकी सरळ असते तितकी माझ्या मुलाखतींत नाही. गावात फोन आला आणि तो कुणाच्या ओट्यावर बसला, यावर पुढचं सगळं ठरलं. माझं तिसरं प्रकरण याचंच आहे, आणि प्रश्नचिन्हाचं दुकानही.

सुरगाण्याला ‘मार्फत’ राहायची सवय तशी जुनी. हे पवार-देशमुखांचं छोटं संस्थान, सुमारे ३६० चौरस मैलांचं. १९०१च्या जनगणनेत वस्ती साडेअकरा हजारांच्या आसपास. इंग्रज अमदानीत त्याचा कारभार बघायचा नाशिकचा कलेक्टर; १९३३नंतर ते बडोदे आणि गुजरात संस्थानांच्या एजन्सीत टाकलं. १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, नाशिक जिल्ह्यात आलं. १९६०मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा शेजारचा डांग गुजरातेत गेला आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिलं. आमच्या नार-पार नद्यांचं पाणी मात्र पश्चिमेला गुजरातकडे जातं. आणि २०२२च्या शेवटी, रस्ते-पाणी-दवाखाने मिळत नाहीत म्हणून सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातला जोडा’ असं निवेदन दिलं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्या पट्ट्यात फोनही कधी गुजरातचा टॉवर पकडतो आणि स्वागताचा मेसेज येतो. घर सुरगाण्यात, टॉवर पलीकडच्या राज्याचा, इंटरनेटच्या लेखी पत्ता मुंबईचा. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी एकमेकांना फोटो पाठवला तरी तो आधी मोठ्या शहरात जाऊन मग शेजारच्या घरात येतो.

एक उलटा मुद्दाही सांगायला हवा, नाहीतर जुनं सगळं छान होतं असं वाटेल. डायलअपच्या काळात मोडेम थेट संगणकाला असे, आणि जोडणी चालू असेपर्यंत बहुधा खरा, जगाला दिसणारा पत्ता त्या संगणकालाच मिळे. राउटर नसणं म्हणजे तेव्हा दार सताड उघडं. रिमोट डेस्कटॉप सोपं, पण चोरालाही. २०१९च्या मेमध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाचं भगदाड सापडलं, पासवर्डशिवाय आत येता येईल असं. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी मोडीत काढलेल्या एक्सपीलाही ठिगळ द्यावं लागलं. तेव्हा कुणी तुम्हाला ‘कंपनीकडून स्टॅटिक पत्ता घ्या आणि ३३८९ नंबरचं दार उघडा’ असं सांगितलं तर ऐकू नका. नॅटमुळे आमचं घर पीपीवर आलं, पण येणारा-जाणारा दार ढकलत नाही हेही खरं.

नवी पद्धत म्हणजे १२८ बिटांचे पत्ते, आयपीव्ही६. ते १९९५पासून कागदावर आहेत आणि भारतातल्या मोबाइलवर भरपूर चालतात. पण माझ्या हॉस्टेलच्या वायफायवर नव्हते, आणि मोबाइल कंपन्या आपणहून आत येणाऱ्याला बहुधा तिथेही अडवतात. म्हणून तो रस्ता सोडला.

मग केलं काय? पीपीवाल्यांनी जे केलं असतं तेच. समजा तुमच्याकडे फोन नाही, माझ्याकडेही नाही, दोघांचेही शेजारी खडूस. पण दोघांच्या ओळखीचा एक माणूस आहे. तो मला तुमच्या शेजाऱ्याचा नंबर सांगतो, तुम्हाला माझ्या. मग ठरल्या वेळी मी माझ्या शेजारच्या काकूंना सांगून ठेवते, ‘आत्ता सुरगाण्याहून फोन येईल, तो माझा.’ तिकडे तुम्हीही तसंच सांगता. दोघांनीही आतून बाहेर पाऊल टाकलेलं असतं, म्हणून दोन्ही दारं घटकाभर उघडी राहतात आणि बोलणं थेट होतं. तांत्रिक भाषेत याला नॅटमध्ये भोक पाडणं म्हणतात. टेलस्केलसारखे प्रोग्राम हेच करतात. काकू प्रत्येक वेळी वेगळ्याच नंबरवरून बोलणाऱ्या असतील तर मात्र जमत नाही. मग बोलणं त्या ओळखीच्या माणसाच्या मार्फतच जातं, पण बंद पाकिटात, त्याला वाचता येणार नाही असं. माझ्या अटीला हे चाललं. पाकीट रस्त्यातून जातं, फाइल घरीच राहते. गंमत अशी की टेलस्केल आपल्या यंत्रांना जे पत्ते देतं तेही १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातलेच, कंपन्यांनी आम्हाला ज्याच्यामागे उभं केलं तोच पट्टा. माझ्या यंत्रांपुरता तो आता माझा होता.

हे डेस्कटॉपवर मी दिवाळीतच टाकून ठेवलं होतं. बायॉसमध्ये वीज परत आली की यंत्र आपोआप चालू व्हावं अशी सोय केली होती, झोपेची सेटिंग्ज बंद केली होती. एकच गोष्ट आपोआप होत नव्हती: फोन बंद होऊन चालू झाला की टेदरिंग बंद पडतं, आणि ते हाताने चालू करावं लागतं. ते काम आईचं. पावसाळ्यात हे दिवसातून दोन-तीनदा.

त्या रात्री पहिल्या फोनला आई म्हणाली, ‘केलंय चालू. ते निळं झालं की झालं ना?’ झालं. व्हीएनसीमध्ये पत्ता घातला आणि आमच्या डेस्कटॉपचा पडदा पुण्यात उघडला, मागे बहिणीच्या लग्नाचा फोटो. प्रत्येक क्लिकनंतर तीन-चार सेकंद थांबायचं. रंग कमी केले तेव्हा जरा पळायला लागलं. फोल्डर सापडलं, मुलाखत सापडली, चालू केली. आवाजाची हिरवी लाट पडद्यावर वरखाली व्हायला लागली आणि मला काहीच ऐकू येईना.

व्हीएनसी चित्र आणतं, आवाज आणत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पडवीतल्या स्पीकरवर बाबा अर्ध्या रात्री टेलिफोनबद्दल बोलत होते, आणि आई फोनवर मला सांगत होती की तुझा माणूस बोलायला लागलाय, आवाज कमी कसा करू.

आईलाच नाव ऐकून सांग म्हणता आलं असतं. तिने सांगितलंही असतं. पण ती बाबांना ओळखते, त्यांच्या शेजाऱ्यांना ओळखते, आणि संमतिपत्रावर तिचं नाव नाही. मी तिला स्पीकरचं बटण बंद करायला लावलं. मग लाटेच्या आकारावरून, वहीतल्या मिनिटांच्या नोंदीवरून तो तुकडा शोधला, चार मिनिटांचा कापला, एमपीथ्रीमध्ये दाबून बसवला तेव्हा एक एमबीच्या आत आला. तेवढा तुकडा त्याच बंद पाकिटातून लॅपटॉपवर आणला, ऐकला, आणि काम झाल्यावर पुसून टाकला. चार मिनिटं का होईना, टेप घराबाहेर आली. बंद पाकिटातून आली आणि परत गेली असं मी स्वतःला समजावलं, पण पुढच्या खेपेला बाबांना हे सांगायचं आहे आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं आहे.

दुकान मी वहीत लिहिलेलं नव्हतंच. फोन दुसऱ्याच ओट्यावर होता, आणि त्यामुळे त्या पाड्यावरचे निरोप कुणाच्या हातून जायचे याबद्दलचा माझा दीड पानांचा तर्क पडला. ती दीड पानं मी त्या रात्री काढून टाकली. नवीन तळटीप लिहायला सुरुवात करून एकदा मूळ संमतिपत्राचा स्कॅन बघावा म्हणून परत पडद्याकडे वळले, तर पडदा गोठलेला. पाच मिनिटं वाट बघितली आणि आईच्या दुसऱ्या फोनवर फोन लावला.

‘लाईट गेली,’ आई म्हणाली. ‘आता सकाळीच येईल. झोप.’